नंबर एकोणीस

“कीथ!” काउंटरवरून सुहा सिस्टरने हाक मारली आणि एलरॉय ताडकन उठला. जमलं! त्याने शर्ट नीट केला, बायकोला, कॅरलला, डोळ्यांनी खूण केली आणि सहा वर्षांच्या कीथचा हात धरला.

लेक हलला नाही.

भिंतीवरच्या स्क्रीनवर चार नंबर लागला होता. कीथच्या हातातल्या टोकनवर एकोणीस. त्याने टोकन बघितलं, स्क्रीन बघितला. “नॉट अवर नंबर,” तो म्हणाला. तेही इतकं खणखणीत, की बहारीनमधल्या, मनामाच्या त्या दवाखान्याचा अख्खा हॉल वळून बघायला लागला.

आता वसईच्या एलरॉयची पंचाईत बघा. पोराला ऑटिझम आहे का, हे एकदाचं कळावं म्हणून नवराबायको दीड वर्ष वेटिंग लिस्टवर ताटकळत होते. आज कुठे पहिली तपासणी. दुपारची अजान झाली की डॉक्टरबाई उठणार आणि राहिलेल्यांना पुढची तारीख कधी, तर इंशाल्ला. इकडे शाळेने बजावलेलं: डॉक्टरचं पत्र आणा, तर वर्गात त्याच्यासोबत मदतनीस बाई बसेल, नाहीतर पोराला घरी ठेवा.

म्हणून एलरॉयने वास्ता लावला. आपल्याकडे वशिला म्हणतात, इकडे वास्ता, काम तेच. हॉटेलातल्या पार्ट्या एलरॉय सांभाळतो. सुहाच्या बहिणीच्या साखरपुड्याला त्याने तीन मजली केक फुकटात उभा केला होता. सुहा म्हणाली होती, “टोकन घेऊन गप बसा. मध्येच हाक मारते.”

“कीथबाबा, चल ना रे,” एलरॉय कुजबुजला. चॉकलेट दाखवलं. मग लिफ्टने हवं तितकं वर-खाली करू म्हणाला. याहून मोठी लाच कीथला कोणी देऊच शकत नव्हतं.

“नाइनटीन,” कीथ म्हणाला.

“यल्ला, चला, मग दुसरं कोणीतरी जा!” सुहा वैतागली.

इथेच चुकलं तिचं. बावीस नंबरचा दाढीवाला गृहस्थ लगेच उभा राहिला. “सिस्टर, यांच्यानंतर मला सोडते म्हणाला होतात ना?” कोपऱ्यातली एक बाई मुलीला कडेवर घेऊन धावली. “अहो, मला तर तिसऱ्यानंतरच सांगितलं होतं!” मागून आणखी दोघं ओरडले. कोणी खजुराचे डबे पोचवले होते, कोणी सुहाच्या गाडीचा एसी दुरुस्त करून दिला होता. अहो, अख्ख्या हॉलचा वास्ता होता! सुहाने पाण्याची बाटली तोंडाला लावली ती काढेचना.

आणि मग जी जुंपली म्हणता! हिंदी, अरबी, इंग्रजी, सगळ्या भाषांत एकच भांडण. कीथने दोन्ही कान दाबून धरले. आता हा किंचाळणार, म्हणून कॅरल त्याला जवळ घ्यायला सरकली.

कीथ किंचाळला नाही. उठला आणि तसाच, कान दाबून, हॉलभर फिरला. कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही, फक्त हातातल्या टोकनांकडे. चार नंबर निघाला एका बहारिनी आजोबांचा. नातवाला मांडीवर घेऊन ते सकाळपासून निमूट बसले होते. वास्ता नसलेले तेवढेच. कीथने एक कान सोडला आणि त्यांची बाही ओढली.

“फोर. गो.”

आजोबा आत गेले. ते बाहेर आल्यावर कीथ पुढच्या खुर्चीपाशी हजर. “फाइव्ह. गो.” बावीसवाल्याने हळूच दाराकडे सरकून बघितलं. कीथने त्याचं टोकन वाचलं. “सिट,” म्हणाला. एवढा दांडगा गडी, मुकाट खाली बसला.

“तुझा तीन मजली केक गेला पाण्यात,” कॅरल नवऱ्याच्या कानात म्हणाली आणि बऱ्याच महिन्यांनी पोटभर हसली.

पण अठरावं मूल आत असतानाच अजान सुरू झाली आणि तिचं हसू पळालं. ते मूल बाहेर आलं. मागोमाग डॉक्टरबाई, खांद्याला पर्स. दारात कीथ उभा. त्याने टोकन पर्ससमोर धरलं.

“नाइनटीन.”

“बेटा, वेळ संपली.”

“नाइनटीन.”

एलरॉय माफी मागायला पुढे धावला. बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. “दाराच्या काचेतून सकाळपासून बघतेय मी याला,” त्या म्हणाल्या. “एरवी बाहेरच्या भांडणांत निम्मी मुलंसुद्धा तपासून होत नाहीत माझी.” त्यांनी पर्स खाली ठेवली. “ये, नाइनटीन.”

आत बराच वेळ गेला. “तुमचा अंदाज बरोबर आहे,” शेवटी बाई म्हणाल्या. “बाकीच्या चाचण्या सावकाश करू. शाळेचं पत्र आज देते.” कॅरलला रडू फुटलं, आणि रडता रडता छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. बाईंनी पुन्हा पर्स उचलली. तोवर कीथ बाहेर पोचला होता.

“ट्वेंटी. गो.”

बावीसवाल्याचं पोर तपासून झालं तेव्हाच बाईंना जेवायला मिळालं.

पुढच्या महिन्यात सुहाचा फोन आला. “एलरॉयभाई, मंगळवारी परत तपासणी आहे. लोक आत्तापासून माझा जीव खातायत. तासभर कीथला आणा ना, प्लीज! तुम्ही सांगा त्याला. माझ्यासाठी एवढा वास्ता लावा!”

एलरॉयने फोन कीथसमोर धरला आणि सुहाचं म्हणणं सांगितलं. कीथ फरशीवर गाड्यांची रांग लावत होता. त्याने मान वर केली नाही.

“टेक अ टोकन,” म्हणाला.