कोरी ओळ

फ्रेंच सिनेमात जंगलात हरवलेला एकटा माणूस होता आणि संवाद जेमतेम चार. सबटायटल लिहिणाऱ्या बाईंना वाटलं, जेवायच्या सुट्टीआधी उरकेल.

तो पाठमोरा उभा राहून झाडांकडे तोंड करून हाका मारत होता.

"याचं काय लिहू?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या संपादकांना विचारलं.

"हाका सोडून द्या हो. ओरडणं काय, कुणालाही कळतं."

बाईंनी ती ओळ कोरी ठेवली.

तपासायला दृश्य मागे घेतलं, तर त्याचा खांदा किंचित वळलेला होता. पुन्हा लावलं, तर अर्धा चेहरा दिसला.

त्यांनी घाईघाईने 'काम पूर्ण'चं बटण दाबलं. दृश्य थांबलं नाही.

तो पुरता वळला. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला होता. फ्रेंच सोडून बाईंच्या मराठीत तो म्हणाला, "बाई, मी काय ओरडत होतो ते तुम्हाला कळत होतं ना?"