साक्षीची तालीम

“हसलात परत,” फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या. “लायटर आला की दात आवळता तुम्ही. पुन्हा सांगा, सुरुवातीपासून.”

धाकट्यानं मान हलवली. एका मेलेल्या माणसाचा चेहरा त्याला लावून आठ महिने झाले होते. कातडीला अजून स्पर्श कळत नव्हता. हसता यावं म्हणून डॉक्टरांनी जबड्याची नस ओठांच्या कोपऱ्यांना जोडली होती. दात आवळले की हसू येणार. हुशारी मोठी, पण माणूस रागानंही दात आवळतो, त्याचं काय? सोमवारी कोर्टात साक्ष होती. जळल्याची हकिकत सांगताना साक्षीदारच हसला, तर समोरच्या वकिलाच्या हाती आयतं कोलीत मिळणार होतं.

“गॅरेज माझ्या नावावर झालं म्हणून दादा भडकला होता. मी गाडीला रंग मारत होतो. त्यानं थिनरचा डबा माझ्या डोक्यावर ओतला. मी म्हटलं, मस्करी पुरे. त्यानं लायटर...”

ओठांचे कोपरे वर गेले.

तेवढ्यात दार ढकलून आई आत आली. तिच्यामागे जामिनावर सुटलेला थोरला. त्या दिवशी आई गॅरेजातच होती, पण डबा फळीवरून आपोआप पडला असं तिनं पोलिसांना सांगितलं होतं. एक पोरगा तर जळालाच, दुसरा कशाला घालवायचा!

“घरातलं घरात मिटवा रे,” ती म्हणाली. “मी आता किती दिवसांची?”

थोरला खाली बघत उभा होता. त्यानं भीत भीत नजर वर केली आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

“अगं आई, हसतोय हा! उगाच घाबरवलंस मला.” तो पुढे आला. “आणि बारक्या, पहिल्यापेक्षा देखणा झालास की लेका! माझे आभार मान.” त्यानं धाकट्याचा गाल थोपटला.

गालाला ते कळलं नाही, पण हात धाकट्याला दिसला.

टेबलावरचा आरसा उचलून त्यानं थोरल्याच्या तोंडावर हाणला. काच फुटली. दुसऱ्या फटक्याला नाकाचं हाड मोडलेलं मॅडमना ऐकू आलं. थोरला आडवा झाला तसा धाकटा त्याच्या छातीवर बसला आणि दोन्ही अंगठे त्यानं गळ्यात रुतवले. थोरल्याच्या टाचा फरशीवर आपटत होत्या. मॅडम धाकट्याची कॉलर ओढत मदतीला हाका मारत होत्या. तो मात्र तोंडभर हसत होता.

“हसतोस काय, राक्षसा!” आई किंचाळली. “सख्ख्या भावाला मारताना हसतोस?”

तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून मागे खेचलं. तळव्यांखाली जबडा दगडासारखा घट्ट होता आणि थरथरत होता. मार खाऊनही रडायचं नाही म्हटलं की तो लहानपणी असाच दात आवळून बसायचा. तोंड परक्याचं होतं, जबडा तिच्या पोराचा होता. तिनं खेचणं थांबवलं आणि नुसती धरून राहिली. हळूहळू जबडा सैल पडला, हसू गेलं, अंगठे सुटले.

थोरला रक्त थुंकत भिंतीला टेकला. “बघितलंस ना आई? सोमवारी जजसाहेबांना सांगायचं. सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालंय.”

“हो,” आई म्हणाली. धाकट्याच्या गालावरचे हात तिनं काढले नव्हते. “त्या दिवशीही डोळ्यांदेखतच झालं होतं.”