गेल्यातच जमा

“अहो, गेल्यातच जमा म्हणजे गेले नव्हे हो,” मुलगा कळवळून म्हणाला. आईलाही ऐकू यावं म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला होता. चांगली बातमी असेल असं वाटलं होतं त्याला.

पलीकडे सत्ताधारी पक्षाचे खजिनदार होते. देणगी देताना मुलाने त्यांचे अक्षरशः पाय धरले होते. बाबा गेल्यातच जमा आहेत, यंदाचा राज्य पुरस्कार तेवढा मिळवून द्या, म्हणाला होता. खजिनदार पडले कामाच्या गडबडीत. त्यांना नुसतं ‘गेले’ एवढंच ऐकू आलं आणि म्हाताऱ्याचं नाव त्यांनी मरणोत्तर पुरस्कारांत घालून टाकलं.

“मग आता हयात लोकांत घ्या ना.”

“ती नावं पक्की झाली. देणगी काय तुम्ही एकट्यानेच दिलीय? परवा घोषणा आहे. तोवर माणूस जिवंत असेल, तर नाव गाळावं लागेल.” खजिनदारांनी आवाज खाली आणला. “पण फार दिवस नाहीत, असं तुम्हीच म्हणत होतात ना?”

फोन बंद झाला. मुलगा हॉस्पिटलच्या खोलीत, बाबांच्या पलंगासमोर भिंतीला टेकून उभा राहिला. बाबा रंगभूषाकार. जन्मभर नटांचे चेहरे रंगवले आणि स्वतः कायम विंगेत राहिले. शुद्ध हरपण्याआधी एवढंच बोलले होते, “एकदा माझंही नाव पुकारलं जावं रे.” त्या एका वाक्यापायी या वेड्याने चालता छापखाना विकून पक्षाच्या घशात घातला. आता छापखानाही गेला आणि नावही जाणार. त्याला काही सुचेना.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी नाडी पाहिली, रिपोर्ट चाळले आणि त्या चक्क हसल्या.

“चिवट आहेत हो तुमचे बाबा. औषध लागू पडलंय. धोका टळला म्हणायला हरकत नाही.”

मुलगा झटकन पुढे झाला. “पण डॉक्टर, परवापर्यंत काहीही होऊ शकतं ना?”

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “इतकं घाबरू नका. काही होत नाही त्यांना.”

त्या गेल्या. आई उठली, आपली खुर्ची ओढत आणली आणि मुलगा आणि पलंग यांच्या मधे मांडून बसली.