मृणालिनीबाईंचा षड्ज

घशाच्या ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी मृणालिनीबाई पहिल्यांदाच गायला बसल्या. लेक केतकीने समोर आपला सिंथेसायझर मांडला होता. त्याची एक कळ दाबली की सूर एक पट्टी खाली येई, दुसरीने आवाजाची जातच बदले.

"आई, तुझी नेहमीची पट्टी देते, काळी चार."

पहिल्याच सुराला आवाज फाटला. केतकीने पांढरी पाच दिली, मग काळी तीन, मग पांढरी चार. तंबोऱ्यासारखा घुमणारा आवाज बदलून बासरीसारखा मऊ केला. बाईंनी डोळे मिटून षड्ज लावला. घशातून नुसती हवा आली.

"लागला का गं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"लागला."

"खोटं बोलू नकोस. कान शाबूत आहेत माझे."

केतकीने मान खाली घालून सूर आणखी एक पट्टी उतरवला. तोवर आई उठून आत गेली होती.