अस्सल रंग

युद्धातल्या लढाऊ विमानाचा मूळ रंग शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. जुन्या पत्र्यावरचे पोपडे खरवडून अखेर तो मळकट हिरवा हाती लागला. संग्रहालयातलं विमान रंगवून झालं, तर संचालकांनी कपाळाला हात लावला.

"अहो, मागच्या हिरवट भिंतीत विमान दिसेनासंच झालंय!"

"शत्रूला दिसू नये म्हणूनच होता तो रंग, साहेब."

"इथे शत्रू येत नाहीत, तिकीट काढून माणसं येतात. लाल मारा."

विमान लालभडक झालं. खाली पाटी लागली, 'अस्सल मूळ रंग', आणि शेजारी संशोधक म्हणून माझं नाव!

उद्घाटनाला मी त्या मळकट हिरव्या रंगाचा शर्ट घालून गेलो आणि भिंतीला चिकटून उभा राहिलो. सत्कारासाठी माझ्या नावाचा पुकारा होत राहिला. मी कुणालाच दिसलो नाही.

चोख निघालं संशोधन.