पडद्यावरची पहिली ओळ

संगणक सुरू होताना पडद्यावर जी पहिली ओळ उमटते, तिच्यातून धाकट्याने आपलं नाव आपल्याच हाताने पुसलं. त्या जागी ताईचं नाव घातलं आणि ती दुरुस्ती मंजुरीसाठी ताईकडेच धाडून दिली. दुरुस्तीखाली कारण लिहायची रीत असते. त्याने लिहिलं, ‘घे. सगळंच घे.’

आता भांडण काय होतं ते ऐका. संगणक जिच्यावर चालतो ती अख्खी यंत्रणा या दोघा भावंडांनी केली आणि जगाला मोकळी करून दिली. घ्या, उघडून बघा, बदला, शेजाऱ्याला द्या. कुणाला विचारायला नको. ताईने वर्षानुवर्षं खपून तिची अवजारं लिहिली. शोधणारी, नक्कल करणारी, तपासणारी, एकूण एक. त्या सगळ्या पसाऱ्याला तिने घरातलं आपलं टोपणनाव दिलं, मुंगी. फक्त यंत्राला जागं करणारा गाभा तेवढा तिच्या हातून होईना. तो धाकट्याने एका हिवाळ्यात लिहिला आणि त्याला आपलं टोपणनाव दिलं, भुंगा. गाभा बसला, अवजारं हलली, यंत्रणा धावली. आणि जग तिला नुसतं ‘भुंगा’ म्हणू लागलं.

ताईने तिथेच ठाण मांडलं. पूर्ण नाव घ्या, मुंगी-भुंगा म्हणा. दातांचा डॉक्टर तिच्या तोंडात चिमटा घालून सहज म्हणाला, “आमच्याकडेही भुंगाच आहे हं.” तिने तोंडातल्या चिमट्यासकट त्याची चूक सुधारली. एकदा ती लिफ्टमध्ये अडकली. बाहेरून मेकॅनिक म्हणाला, “घाबरू नका बाई, ही भुंग्यावर चालते, आत्ता सुरू करतो.” आतून आवाज आला, “आधी पूर्ण नाव घ्या. मला घाई नाही.” एका सभेच्या फलकावर अर्धंच नाव होतं, तर ती दारातून आत जाईना. शेवटी श्रोत्यांनीच खुर्च्या उचलून व्हरांड्यात आणल्या आणि भाषण तिथे झालं. खोटं वाटत असेल तर त्या खुर्च्यांना विचारा.

लोक कंटाळले. नावाची हावरी म्हणू लागले. धाकटा जाईल तिथे त्याला एकच प्रश्न, “बहिणीचं नाव का हो खाल्लंत?” तो म्हणायचा, “मी कुणाला म्हणायला सांगितलं नाही.” ते खरंच होतं. म्हणू नका, असंही त्याने कधी सांगितलं नव्हतं. शेवटी दोघांत अबोला आला. घरचे निरोप धाकट्याची बायको पोचवायची. बाकीचं बोलणं दुरुस्त्यांतून. तो काम पाठवायचा, ती खाली लिहायची, ‘हे हळू चालतंय.’ तो वेगवान करून पाठवायचा. ती लिहायची, ‘ठीक.’ एवढ्यावर यंत्रणा मात्र दरवर्षी सरस होत गेली. बोलणाऱ्या भावंडांना जमलं नसतं असं काम.

तर आता ही दुरुस्ती. ताईने ‘मंजूर’ म्हटलं की झालं. पुढच्या आवृत्तीपासून जगातला प्रत्येक संगणक डोळे उघडताना तिचंच नाव घेणार होता. दुरुस्त्या सगळ्यांना दिसतात. कामाला हातभार लावणारी माणसं देशोदेशी पडद्यांपुढे जमली. कुणाचा चहा गार झाला, कुणाचा इस्त्रीखाली सदरा जळाला. “मिळालं एकदाचं म्हातारीला,” एकजण म्हणाला. “आता तरी गप्प बसेल.”

ताईची एक खोड होती. दुरुस्ती कुणाचीही असो, स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहिल्याशिवाय ती मत द्यायची नाही. तिने यंत्र बंद केलं, सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. मुंगी. एकटीच, ऐसपैस. खोटं कशाला सांगू, सुरेख दिसत होती ती ओळ. ताईने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिली. यंत्र परत बंद केलं, परत सुरू केलं. तिच्या आयुष्यभराचं भांडण तिच्यापुढे जिंकून बसलं होतं. फक्त एक बटण दाबायचं होतं.

तिने फोन उचलला.

धाकट्याच्या स्वयंपाकघरात घंटी वाजली. बायकोने फोन घेतला, ऐकलं आणि हात लांब करून त्याच्यापुढे धरला. “ताई आहेत. निरोप नाही म्हणतायत, तूच हवायस.”

धाकट्याने घसा खाकरला. इतक्या वर्षांनी काय बोलायचं ते त्याने मनात घोळवून ठेवलेलं होतं.

“झालं समाधान?” तो म्हणाला.

“परत पाठवतेय तुझी दुरुस्ती,” ताई म्हणाली. “गाभा ज्याने लिहिला त्याचंच नाव घालायचं राहिलंय. ते घाल आणि मग पाठव, भुंग्या.”