केस ओढणारं घड्याळ

साहेबांच्या लाखमोलाच्या घड्याळात एकच खोट होती: पट्ट्याच्या खटक्यात मनगटाचे केस अडकायचे. वर्षानुवर्षं ते त्यावरून घड्याळजींचं डोकं खात. चालढकल करत घड्याळजींनी खटका गुळगुळीत केला, तोवर साहेबच गेले. घड्याळ वहिनींनी नेलं आणि आठवड्यात परत आणलं. “काय बिघडलं, वहिनी?” “बिघडवायचंय. पहिल्यासारखं करून द्या.” “चांगला गुळगुळीत झालेला खटका?” “सकाळी आतून ह्यांचं ‘आई गं!’ ऐकू आलं की मी चहा ओतायचे. आता किटली हातातच निवते.” वहिनी दाराशी रस्ता बघत थांबल्या. घड्याळजींनी कानस मारून खटका खरबरीत केला आणि सवयीप्रमाणे घड्याळ स्वतःच्या मनगटावर चढवून पाहिलं. केस ओढले गेले. “आई गं!” “ओतलाय चहा, या,” पाठमोऱ्या वहिनी बोलून गेल्या. मागं वळायचा धीर वहिनींना होईना, आणि ‘मी ओरडलो’ म्हणायला घड्याळजींची जीभ रेटेना.